विश्लेषण : ऑडिओबुक निवडायचे कसे? कोणते पुस्तक कानांना मानवते, कोणते नाही?

मोबाइलवर ऑडिओबुकचे ॲप घ्यायचे, उत्साहाने एखादे गाजलेले पुस्तक सुरू करायचे आणि तिसऱ्या प्रकरणात सोडून द्यायचे, असे अनेकांच्या बाबतीत होते. मग ‘ऐकणे आपल्याला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सदस्यत्वाचे पैसे मात्र दरमहा कापले जात राहतात. अशा वेळी दोष बहुधा ऐकणाऱ्याचा नसतो, पुस्तकाचाही नसतो; निवड चुकलेली असते. छापील पुस्तक घेताना विषय आणि लेखक पाहिला तरी भागते. ऑडिओबुक घेताना साहित्यप्रकार, निवेदकाचा आवाज आणि ऐकताना आपण काय करत असणार आहोत, याचाही विचार करावा लागतो. कादंबरीपासून अर्थशास्त्रापर्यंत कोणत्या प्रकारात काय पाहावे, याचा हा आढावा.

ऐकणे आणि वाचणे यांत फरक किती?

या प्रश्नावर संशोधकांनी प्रयोग केले आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतील बेथ रोगोवस्की आणि सहकाऱ्यांनी ९१ प्रौढांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लॉरा हिलनब्रँड यांच्या ‘अनब्रोकन’ या दुसऱ्या महायुद्धावरील पुस्तकाचा काही भाग एका गटाने ऐकला, दुसऱ्याने ई-बुकवर वाचला, तर तिसऱ्याने ऐकत ऐकत वाचला. आकलनाच्या चाचणीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीतही चित्र तेच होते.

मात्र दुसरी बाजूही आहे. २०१० मधील एका अभ्यासात अभ्यासक्रमाशी संबंधित मजकूर ध्वनिरूपात ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना तो वाचणाऱ्यांपेक्षा चाचणीत कमी गुण मिळाले. कॅनडातील संशोधकांच्या २०१३ मधील प्रयोगात मोठ्याने वाचणे, मनात वाचणे आणि नुसते ऐकणे यांपैकी ऐकतानाच मन सर्वाधिक भरकटते, असे आढळले.

या दोन टोकांचा मेळ व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांच्या २०२२ मधील विश्लेषणात सापडतो. त्यांनी ४६ अभ्यास एकत्र तपासले. एकंदरीत वाचन आणि श्रवण यांत मोठा फरक दिसला नाही. पण वाचणाऱ्याला आपल्या गतीने वाचता येत असेल, तेव्हा वाचन थोडे सरस ठरले. डोळे अवघड वाक्यावर थांबतात, दोन ओळी मागे जातात, पुन्हा पुढे येतात आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. कानांना ही सोय नाही. निवेदक पुढे गेला की वाक्य गेले. तीस सेकंद मागे जाण्याचे बटण असते, पण हात पिठात असतील किंवा बसच्या दांडीला असतील तर ते दाबले जात नाही.

ऑडिओबुकच्या निवडीचे सूत्र यातूनच मिळते. ज्या पुस्तकात पुन्हा पुन्हा मागे वळावे लागते, ते कानांना जड जाते. जे पुस्तक स्वतःच ओढून पुढे नेते, ते कानांना मानवते.

रहस्यकथा आणि भयकथा ऐकायला सोप्या का?

या कथांची सगळी ओढ पुढच्या दिशेने असते, हे त्याचे उत्तर. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ‘बोलकी पुस्तके’ सुरू झाली, तेव्हा पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘टायफून’सोबत अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही रहस्यकादंबरी होती. ऐकताना शेवटचे पान आधी उलटून पाहण्याचा मोह टळतो, हा या प्रकारातील आणखी एक फायदा.

मराठीत बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांची रहस्यकथा-कादंबऱ्यांची आणि नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची भयकथा-गूढकथांची परंपरा मोठी आहे. ऑडिओबुकची सवयच नसेल, तर सुरुवात याच दालनातून करणे सोयीचे. धारप किंवा मतकरी यांच्यासारख्या लेखकांची एखादी लघुकथा एका प्रवासात संपते आणि अर्धवट सुटल्याची रुखरुख राहत नाही.

पथ्य एकच. रहस्यकथेतील धागेदोरे एखाद्या साध्या वाक्यात लपवलेले असतात. त्यामुळे ती दीडपट वेगाने ऐकू नये आणि पात्रे फार असतील तर पहिली दोन प्रकरणे शांत बसून ऐकावीत.

विनोदी लेखन आणि कथा : वाचलेले की सादर केलेले?

मराठी माणसाला ऐकण्याची सवय ॲपने लावलेली नाही. कीर्तन, आकाशवाणीवरील श्रुतिका, पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला उलगडत गेलेले ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ ही सगळी श्रवणाचीच परंपरा. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला गावोगावी गर्दी होत असे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ पुस्तक म्हणून जितकी वाचली गेली, तितकीच एकपात्री प्रयोग आणि ध्वनिमुद्रण म्हणून ऐकली गेली.

विनोदात थांबा महत्त्वाचा असतो. वाक्याच्या शेवटी अर्धा क्षण कमी-जास्त झाला तरी हशा जातो. म्हणून या प्रकारात पुस्तकापेक्षा आवाजाची निवड आधी करावी. लेखकाचे स्वतःचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल तर प्राधान्य त्याला. नसेल, तर रंगभूमीचा किंवा आकाशवाणीचा सराव असलेला निवेदक शोधावा. विनोदी पुस्तक सपाट आवाजात ऐकण्यापेक्षा छापील वाचलेले बरे.

पौराणिक, ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी काय पाहावे?

मराठी वाचकांचा हा लाडका प्रकार आणि ऑडिओत सर्वाधिक लांबीचाही. येथे कादंबरीची रचना निर्णायक ठरते. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आळीपाळीने आपली बाजू सांगतात. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तीन पात्रे बोलतात. छापील पुस्तकात प्रकरणाच्या माथ्यावरचे नाव पाहून ‘आता कोण बोलते आहे’ हे कळते. ऐकताना हे काम आवाजाला करावे लागते. त्यामुळे अशा कादंबरीची ध्वनिआवृत्ती निवडताना ती अनेक आवाजांत आहे का, किंवा एकच निवेदक असेल तर तो पात्रागणिक लय बदलतो का, हे नमुना ऐकून तपासावे.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’सारख्या कादंबरीत सरदार, गावे आणि लढाया यांची नावे मोठ्या संख्येने येतात. शाळेत इतिहास वाचलेला असल्याने मराठी श्रोत्याला त्यातील बरीच नावे ओळखीची असतात. परदेशी राजघराण्यांवरील तितकीच जाड कादंबरी मात्र नावांच्या गर्दीमुळे हातची सुटते. थोडक्यात, ओळखीच्या भूमीवरचे मोठे पुस्तक ऐकायला हरकत नाही; अनोळखी भूमीवर आधी लहान पुस्तकाने पाऊल टाकावे.

विज्ञानकथेलाही हेच लागू होते. नवी परिभाषा आणि काल्पनिक ग्रहांची नावे कानांवर पहिल्यांदाच पडतात. म्हणून जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’सारख्या कथासंग्रहाच्या वळणाची, म्हणजे एकेका कल्पनेभोवती फिरणाऱ्या कथांची पुस्तके आधी ऐकावीत आणि खंडांत पसरलेल्या मालिकांकडे नंतर वळावे.

आत्मचरित्र ऐकण्यात वेगळे काय मिळते?

अकाल्पनिक साहित्यात कानांना सर्वाधिक मानवणारा प्रकार हाच. कोणीतरी आपली गोष्ट आपल्याला सांगत आहे, ही मांडणी मुळातच श्रवणाची आहे. मिशेल ओबामा यांनी ‘बिकमिंग’चे वाचन स्वतः केले आणि त्या ध्वनिमुद्रणाला २०२० मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या ट्रेव्हर नोआ यांच्या ‘बॉर्न अ क्राइम’मध्ये बालपणीच्या अनेक भाषा आहेत, त्या त्यांच्याच तोंडून ऐकताना ‘भाषा बदलली की माणूस आपला वाटू लागतो’ हा पुस्तकातील मुद्दा कानांनाच पटतो.

मराठीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ बोलल्यासारख्या भाषेमुळे ऐकण्याजोगी आहेत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची तर रचनाच श्रवणाची. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो आणि पुस्तकातील प्रकरणे म्हणजे अशा ४२ रात्री. लहान मुलांसह घरी सगळ्यांनी मिळून ऐकायचे पुस्तक शोधणाऱ्यांसाठी रोज एक रात्र हा हिशेब सोपा आहे.

दया पवार यांचे ‘बलुतं’ किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ यांसारख्या आत्मकथनांत बोलीभाषा पुस्तकाचा प्राण आहे. तेथे निवेदकाला ती बोली अंगवळणी पडलेली आहे का, हे पाहावे. प्रमाण मराठीच्या हेलात वाचलेली बोली नक्कल वाटू लागते आणि मजकुराचे गांभीर्य उतरते.

इतिहास, विज्ञान, अर्थकारण : कोणते ऐकावे, कोणते वाचावे?

सर्वाधिक पैसे आणि वेळ वाया जातो तो याच दालनात. कारण या पुस्तकांची दोन कुळे एकाच फळीवर ठेवलेली असतात. एका कुळात माहिती गोष्टीच्या रूपाने येते. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे अशा चरित्राचे उदाहरण. युव्हाल नोआ हरारी यांचे ‘सेपियन्स’ही मोठ्या कालपटाची गोष्ट सांगत जाते, म्हणून चालता चालता ऐकता येते.

दुसऱ्या कुळात युक्तिवाद पायरीपायरीने चढतो. डॅनियल कानेमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मध्ये दोन रेषांचा प्रसिद्ध दृष्टिभ्रम आहे. रेषा सारख्याच लांबीच्या असूनही डोळ्यांना कमी-जास्त दिसतात. हा भ्रम ऐकून होणे शक्यच नाही. शेअर बाजार, प्राप्तिकर, आहारातील प्रमाणे, संगणकाची भाषा शिकवणारी पुस्तके याच कुळातली. त्यांत तक्ते, आकडेमोड, आकृत्या असतात. काही ध्वनिआवृत्त्यांसोबत आकृत्यांची पीडीएफ मिळते, पण ती उघडण्यासाठी थांबावे लागणार असेल तर छापील प्रतच सरळ पडते.

ओळखायचे कसे? ई-बुकच्या नमुन्यात किंवा दुकानात अनुक्रमणिका आणि मधली पाच पाने चाळावीत. प्रकरणे माणसे, गावे, घटना यांच्याभोवती असतील तर ऐकावे. दर दोन पानांवर तक्ता, सूत्र किंवा मुद्द्यांची यादी दिसली तर वाचावे. स्वयंमदतपर पुस्तकांत स्वाध्याय असतील तर पहिल्यांदा ऐकून पुस्तक आपल्या कामाचे आहे का हे ठरवावे आणि तसे वाटल्यास छापील प्रत घ्यावी.

निवेदक एक, अनेक की यंत्र?

ध्वनिपुस्तकांत ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात. एकाच निवेदकाने केलेले वाचन, अनेक कलाकारांचे वाचन आणि संगीत व ध्वनिपरिणामांसह श्रुतिकेसारखे सादरीकरण. हॅरी पॉटर मालिका ब्रिटनमध्ये स्टीफन फ्राय आणि अमेरिकेत जिम डेल यांच्या आवाजात आली. मजकूर जवळपास तोच असूनही दोन्हींचे चाहते वेगळे आहेत. दुसऱ्या टोकाला जॉर्ज सॉन्डर्स यांची ‘लिंकन इन द बार्डो’ ही कादंबरी आहे. तिच्या ध्वनिआवृत्तीत तब्बल १६६ आवाज आहेत. अनेक आवाज म्हणजे चांगलेच, असे मात्र नाही. झोपण्यापूर्वी ऐकायला एकच संथ आवाज बरा. गोंगाटाच्या लोकलमध्ये पार्श्वसंगीताखाली शब्द बुडतात.

आता चौथी पद्धतही आली आहे, ती कृत्रिम आवाजाची. ॲपलने २०२३ च्या सुरुवातीला इंग्रजी पुस्तकांसाठी यंत्रनिवेदन उपलब्ध केले. इतर मंचही या वाटेवर आहेत. माहितीपर मजकुराला यंत्राचा आवाज चालून जातो. मराठीत मात्र एक अडचण लिपीतच आहे. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थाने एका प्रकारे उच्चारला जातो आणि ‘जगणे’तील ‘जग’ दुसऱ्या प्रकारे. लिहिताना दोन्ही सारखेच. माणूस अर्थावरून उच्चार ठरवतो. यंत्राला आधी संदर्भ कळावा लागतो. च, ज, झ यांचे उच्चार चुकू लागले की दहा तासांचे पुस्तक दहा मिनिटांत नकोसे होते. पुस्तकाच्या माहितीत निवेदकाचे नाव नसेल, तर नमुना ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संपूर्ण की संक्षिप्त, हे कसे ओळखावे?

कॅसेटच्या काळात जागा मर्यादित असल्याने पुस्तके कापून-छाटून ध्वनिमुद्रित होत. आज ती अडचण नाही, तरी संक्षिप्त आवृत्त्या आणि ‘सारांश’ पूर्ण पुस्तकांच्या शेजारीच दिसतात. अर्ध्या तासाचा सारांश ऐकून पुस्तक वाचल्याचा समज होणे, हा या माध्यमातला मोठा धोका. कादंबरीचा सारांश म्हणजे केवळ कथानक. लेखकाची भाषा त्यात नसते.

पडताळणी सोपी आहे. पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचून वेळ मोजावा. समजा अडीच मिनिटे लागली आणि पुस्तक ३०० पानांचे आहे. तर पूर्ण वाचनाला ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास लागायला हवेत. ॲपवर त्याच पुस्तकाची लांबी तीन तास दिसत असेल, तर ती पूर्ण आवृत्ती नाही.

पैसे, वेग आणि डेटाचा हिशेब काय?

ॲपचे शुल्क प्रामुख्याने दोन पद्धतींनी आकारले जाते. क्रेडिट पद्धतीत ठरावीक शुल्कात एक पुस्तक मिळते आणि ते साधारणतः सदस्यत्व संपल्यावरही खात्यात राहते. सदस्यत्व पद्धतीत मुदतीत हवे ते ऐकता येते, पण मुदत संपली की दार बंद. क्रेडिट असेल तर ते मोठ्या, पुन्हा ऐकावेसे वाटणाऱ्या पुस्तकासाठी वापरावे. नवे साहित्यप्रकार चाखून पाहायचे असतील, तर सदस्यत्व स्वस्त पडते. मराठी पुस्तके किती आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी ॲपवर शोधून पाहावे.

काही पुस्तकांसाठी पैसे भरण्याची गरजही नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. साने गुरुजींचे निधन १९५० मधले. त्यामुळे त्यांचे साहित्य २०११ पासून मुक्त आहे. लक्ष्मीबाई टिळक आणि हरि नारायण आपटे यांचे लेखन त्याआधीच खुले झाले. मूळ लेखन मुक्त असले तरी एखाद्याने केलेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

वेगाचे गणित असे : दहा तासांचे पुस्तक सव्वापट वेगाने आठ तासांत आणि दीडपट वेगाने सहा तास चाळीस मिनिटांत संपते. ॲप ध्वनिलहरींचे बारीक तुकडे करून ते जवळ आणते, त्यामुळे आवाज चिरका होत नाही. पण निवेदकाने घेतलेले विराम मात्र आक्रसतात. माहितीपर पुस्तकाला सव्वापट वेग चालतो. विनोद, कविता आणि ललित गद्य मूळ वेगानेच ऐकावे. डेटाचे म्हणाल, तर ६४ केबीपीएस दर्जाचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २९ एमबी घेते. दहा तासांचे पुस्तक ३०० एमबीच्या आत बसते. वाय-फायवर आधी उतरवून घेतले, तर घाटात किंवा बोगद्यात खंड पडत नाही.

ज्यांना छापील वाचता येत नाही, त्यांच्यासाठी काय?

अंध आणि अल्पदृष्टी वाचकांसाठी ध्वनिपुस्तक ही केवळ सोय नसते, अनेकदा पुस्तकापर्यंत पोहोचण्याची तीच वाट असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायद्याने अशा वाचकांसाठी पुस्तके सुगम्य रूपात आणण्याची मुभा दिली. याच हेतूने झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देशही भारतच होता. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पात्र वाचकांना नोंदणीनंतर तेथील पुस्तके मिळतात. ‘डेझी’ या स्वरूपातील पुस्तकात प्रकरण, उपशीर्षक, पान अशा उड्या मारता येतात. म्हणजे मागे वळण्याची सोय कानांनाही मिळते आणि अभ्यासाची पुस्तके ऐकणे शक्य होते. मोतीबिंदूमुळे किंवा वयोमानाने वाचन सुटलेल्या आजी-आजोबांसाठी ॲप घेऊन देताना मात्र पुस्तकाइतकेच ॲपचे बटण किती मोठे आणि सोपे आहे, हे पाहायला हवे.

निवड पक्की करण्यापूर्वी काय तपासावे?

– ऐकताना हात-डोळे कशात गुंतलेले असतील? स्वयंपाक, चालणे, प्रवास यांसाठी गोष्ट किंवा आत्मचरित्र. शांत बसून ऐकणार असाल तरच विचारप्रधान पुस्तक.
– मजकुरात तक्ते, आकृत्या, स्वाध्याय आहेत का? असल्यास छापील प्रत बरी.
– निवेदकाचे नाव दिले आहे का? बोली, उच्चार आणि विराम नमुन्यात पटतात का?
– आवृत्ती संपूर्ण आहे का? लांबी पानांच्या हिशेबाशी जुळते का?
– आपला रोजचा वेळ किती? रोज दीड तास प्रवास आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर पंधरा तासांच्या पुस्तकाला दोन आठवडे लागतील. तेवढा काळ धागा टिकेल का?

नमुना घरात निवांत बसून ऐकू नये. ज्या कामात पुस्तक ऐकायचे आहे, तेच काम करताना दहा मिनिटे ऐकावा. अपवाद रस्ता ओलांडण्याचा आणि दुचाकीचा. तेथे इअरफोन नकोच. दहा मिनिटांनी काय ऐकले ते दोन वाक्यांत सांगता आले, तर पुस्तक, आवाज आणि वेळ यांचे जुळले असे समजावे. सांगता आले नाही, तर पुस्तक बदलावे. ऐकणे सोडण्याची गरज नाही.